वाचकांचे प्रश्न : घड्याळ शून्य दाखवतं तेव्हा

अल्गोरिदमची प्रयोगाने पारख करायची आणि जे हाती लागलं ते शास्त्रीय लेख म्हणून नीट लिहायचं, असा विषय काही विद्यापीठांत शिकवला जातो. या वेळची पत्रं त्याच विषयावरची आहेत, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. नावं छापलेली नाहीत. बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती, आणि एकाने तर "सर वाचतील" असं कारणही दिलं आहे.

प्रश्न (मालवण, बी.एस्सी. तिसरं वर्ष) : क्विक सॉर्टचा (आकडे चढत्या क्रमाने लावणाऱ्या पद्धतीचा) वेळ सी भाषेतल्या क्लॉक फंक्शनने मोजतो. १० हजार आकड्यांना कधी ०, कधी १५, कधी १६ मिलिसेकंद येतात. मधलं काहीच येत नाही. यातलं कुठलं खरं मानू?

उत्तर : कुठलंच नाही. तुमच्या कंपायलरबरोबर आलेलं विंडोजचं जुनं घड्याळ सेकंदाला ६४ वेळा पुढे सरकतं, म्हणजे साधारण १५.६ मिलिसेकंदांनी एकदा. १० हजार आकडे लावायला आजच्या लॅपटॉपला एक मिलिसेकंदही खूप झाला. काम दोन टोल्यांच्या मधे आटोपलं तर ० दिसतो, मधे एखादा टोला पडला तर १५ किंवा १६. तुम्ही सॉर्टिंग मोजलेलंच नाही, टोला पडला की नाही एवढंच पाहिलंत. (कॉलेजात अजून डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालत असेल तर तिथलं घड्याळ सेकंदाला १८.२ वेळाच सरकतं, म्हणजे ५५ मिलिसेकंदांनी एकदा. तिथे मोजायला बसूच नका.)

पहिला उपाय घड्याळ बदलण्याचा. सी प्लस प्लसमध्ये स्टेडी क्लॉक, पायथनमध्ये पर्फ काउंटर, जावात नॅनोटाइम. भिंतीवरची वेळ सांगणारं घड्याळ घेऊ नका; इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली की ते मधेच मागेपुढे सरकतं आणि क्वचित उणे वेळही निघतो. दुसरा उपाय म्हणजे तेच काम पुष्कळदा करून एकूण वेळ मोजणं. एका टोल्याची चूक १ टक्क्याच्या आत ठेवायची असेल तर मोजलेला काळ टोल्याच्या १०० पट हवा. तुमच्या जुन्या घड्याळावर तो दीड सेकंद होतो.

इथेच बहुतेक जण अडखळतात. एकच अॅरे (आकड्यांची रांग) हजार वेळा सॉर्ट करणारं लूप लिहिलं, तर पहिल्या फेरीनंतर अॅरे क्रमाने लागलेलाच असतो. पुढच्या ९९९ फेऱ्या लागलेल्या आकड्यांवर होतात. त्यात इन्सर्शन सॉर्ट (एकेक आकडा आधीच्या रांगेत जागेवर बसवणारा) एका दमात सरळ चालत जातो आणि फार वेगवान दिसतो. पहिला आकडा पिव्हट (ज्याच्याशी तुलना करून बाकीचे दोन बाजूंना वाटायचे तो) धरणारा क्विक सॉर्ट मात्र नेमका याच स्थितीत वर्गाच्या पटीत कोसळतो. म्हणजे एकाच चुकीने एकाला फुकटचे गुण आणि दुसऱ्याला फुकटची शिक्षा. दर फेरीला मूळ अॅरेची ताजी प्रत करून घ्या. १० हजार आकड्यांची प्रत ४० हजार बाइट्सची असते, ती काही मायक्रोसेकंदांत होते; तिचा वेळ वेगळा मोजून वजा करा, किंवा तो किती नगण्य आहे हे लेखात लिहा.

आणखी एक खोड कंपायलरची. ऑप्टिमायझेशन चालू असताना ज्याचा निकाल पुढे कुठेच वापरला जात नाही, असं काम तो सरळ गाळून टाकू शकतो. मग वेळ शून्य येतो आणि विद्यार्थी खूश होतो. यावर ऑप्टिमायझेशन बंद करणं हा उपाय नव्हे. तसा मोजलेला वेळ कुणाच्याच कामाचा नसतो. सॉर्ट झाल्यावर, घड्याळ थांबवून, आकडे खरंच चढत्या क्रमात आहेत का ते तपासा आणि एखादी बेरीज छापा. कंपायलरला काम टाळता येत नाही, आणि चुकीचा पण वेगवान सॉर्टही पकडला जातो.

प्रश्न (देवरुख) : माझा क्विक सॉर्ट १ लाख आकड्यांपर्यंत पुस्तकात दिल्याप्रमाणे चालतो. पण ५० लाखांवरून १ कोटीवर गेले की वेळ जवळजवळ साडेतीनपट होतो. आकडे रँड फंक्शनने (यादृच्छिक) घेतले आहेत, म्हणजे लागलेले नाहीत. रॅम कमी पडते का?

उत्तर : तुम्ही दुपटीचं गुणोत्तर काढलंत हे फार बरं केलंत, कारण रोग तिथूनच कळतो. माल दुप्पट केल्यावर वेळ दुप्पट झाला तर काम सरळ पटीत, चौपट झाला तर वर्गात, आठपट झाला तर घनात वाढतंय. एन लॉग एन (आकड्यांची संख्या गुणिले तिचा लॉग, क्विक सॉर्टची पुस्तकातली वाढ) असेल तर ५० लाखांवरून १ कोटीला गुणोत्तर २.०९ च्या आसपास यायला हवं. साडेतीन म्हणजे वर्गाची छाया पडली आहे.

रॅमचा दोष नाही. १ कोटी पूर्णांक म्हणजे जेमतेम ४० एमबी. दोष रँडचा आहे. विंडोजवरच्या बहुतेक सी कंपायलरांत रँड ० ते ३२,७६७ एवढेच आकडे देतो. तुमच्या १ कोटी आकड्यांत वेगळ्या किमती फक्त ३२,७६८, म्हणजे प्रत्येक किंमत सरासरी ३०५ वेळा आली. आणि वर्गात बहुधा शिकवली जाते ती लोमुटो पद्धतीची विभागणी समान आकड्यांना सगळेच्या सगळे एकाच बाजूला ढकलते. मग ३०५ समान आकड्यांचा गठ्ठा एकेक करून सोलला जातो: ३०५ च्या वर्गाच्या निम्म्या तुलना, आणि असे ३२,७६८ गठ्ठे. हिशेब मांडा, सुमारे १५० कोटी तुलना नुसत्या गठ्ठ्यांपायी होतात. सगळे आकडे वेगळे असते तर पूर्ण सॉर्टला ३० कोटींच्या आसपास पुरल्या असत्या. १ लाखावर एका किमतीच्या वाट्याला तीनच आकडे येतात, म्हणून तिथे काही जाणवलं नाही.

आकड्यांसाठी सी प्लस प्लसमधला मर्सेन ट्विस्टर वापरा आणि त्याचा सीड (सुरुवातीचा आकडा; तोच दिला की तेच आकडे पुन्हा मिळतात) लिहून ठेवा. विभागणी होअर पद्धतीची केलीत (ती समान आकड्यावर थांबते, त्यामुळे गठ्ठा दोन्हीकडे वाटला जातो) किंवा लहान, समान, मोठे अशी तिहेरी केलीत, तर जुन्याच आकड्यांवरही हा प्रकार नाहीसा होईल.

पण दुरुस्त करून पुढे जाऊ नका. "क्विक सॉर्ट आणि मर्ज सॉर्टची तुलना" यापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे. वेगळ्या किमतींची संख्या हा एकच घटक बदला: १, १०, १००, पुढे १ कोटीपर्यंत. बाकी सारं तसंच ठेवा. तीन विभागण्यांच्या तुलना मोजा आणि वेळही मोजा, पण दोन वेगळ्या धावांत, कारण मोजणीचा काउंटर स्वतःच वेळ खातो. एकच सावधगिरी: किमती अगदी कमी असतील तिथे लोमुटो लहान मालावरच चालवा. १ कोटी आकडे आणि एकच किंमत असेल तर तो रिकर्शनमध्ये (स्वतःलाच पुन्हा बोलावण्यात) इतका खोल जातो की स्टॅक फुटून प्रोग्रॅम मरतो.

प्रश्न (सावंतवाडी) : तोच प्रोग्रॅम दुपारी ४१ सेकंद घेतो, रात्री ३३. एप्रिल-मे मध्ये तर भरवसाच नाही. शिवाय मधे लाइट जाते.

उत्तर : प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि कोकणातल्या उकाड्यात पंखा धुळीने भरलेला लॅपटॉप लवकर तापतो. बॅटरीवर चालताना तो आणखी जपून चालतो. म्हणून चार्जर लावलेला, पॉवर मोड एकच, ब्राउझर आणि अँटिव्हायरसचं स्कॅन बंद. लिनक्स असेल तर गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सोय) परफॉर्मन्सवर ठेवा आणि टास्कसेटने प्रोग्रॅम एकाच कोअरला बांधा.

एवढं करूनही चढउतार राहणारच. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट धावांच्या क्रमाची. आधी 'अ' पद्धतीच्या तीस धावा आणि मग 'ब' च्या तीस, असं केलंत तर 'अ' थंड मशीनवर पळते आणि 'ब' तापलेल्या. धावांची यादी फाईलमध्ये करा, ती पिसून घ्या आणि त्या क्रमाने चालवा. सरासरीऐवजी मध्यक आणि चतुर्थकं द्या. मधेच अपडेट सुरू होऊन बिघडलेली एक धाव सरासरीला ओढून नेते, मध्यकाला नाही. लाइटवर उपाय साधा आहे: दर धावेनंतर एक ओळ फाईलमध्ये लिहून फ्लश करा (लगेच डिस्कवर उतरवा), आणि सुरू होताना प्रोग्रॅमने फाईल वाचून झालेल्या धावा वगळाव्यात.

प्रश्न (दापोली) : रस्त्यांच्या नकाशावर डायक्स्ट्रा आणि ए-स्टार या सर्वांत जवळचा मार्ग शोधणाऱ्या पद्धतींची तुलना करतो आहे. पुण्याच्या नकाशावर ए-स्टार बराच कमी शोध घेतो. आमच्या किनाऱ्याच्या नकाशावर मात्र फरक अगदी थोडा, आणि दोन-तीन जोड्यांना तर ए-स्टारचा मार्ग डायक्स्ट्रापेक्षा लांब आला. कोडमध्ये चूक आहे का?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चूक आहे, दुसरा शोध आहे.

चूक आधी. ए-स्टार ध्येयापर्यंतच्या उरलेल्या अंतराचा अंदाज धरून चालतो; त्याचा मार्ग लांब येतो तेव्हा बहुधा तो अंदाज खऱ्या अंतराच्या वर गेलेला असतो. अक्षांश-रेखांशाच्या फरकाला सरसकट १११ ने गुणलंत का ते पाहा. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरच्या जवळपास धरता येतो, पण रेखांशाचा अंश आपल्याकडे, म्हणजे १७ अंश उत्तरेच्या आसपास, सुमारे १०६ किलोमीटरच भरतो. पूर्व-पश्चिम अंतर साडेचार टक्क्यांनी फुगतं. सरळ रस्ता असेल तिथे एवढं फुगणं पुरेसं असतं आणि सर्वांत लहान मार्गाची हमी जाते. हॅवरसाइन सूत्र (गोल पृथ्वीवरचं अंतर देणारं) वापरा. अंतराऐवजी वेळ काढत असाल तर हवाई अंतराला नकाशावरच्या सर्वांत जास्त वेगाने भागा, सरासरी वेगाने नाही.

आता शोध. दाभोळला उभं राहिलं की समोर खाडीपलीकडे धोपावे दिसतं. हवाई अंतर किरकोळ. पण फेरीबोट नकाशातून वगळलीत तर गुहागरला जायला चिपळूणच्या बाजूने मोठा वळसा पडतो. ए-स्टारला हे ठाऊक नाही. त्याचा अंदाज म्हणतो की पलीकडचं गाव हाकेवर आहे, म्हणून तो खाडीच्या उत्तर काठावरच्या एकेका वाडीत डोकावत बसतो. वळशाच्या रस्त्याने पूर्वेकडे जाणं म्हणजे ध्येयापासून दूर जाणं, तेव्हा तिकडे तो अगदी शेवटी वळतो. अंदाज खोटा नाही, पण दुबळा आहे, आणि दुबळ्या अंदाजाचा ए-स्टार म्हणजे जवळपास डायक्स्ट्राच. पुण्यात मुठेवर जागोजागी पूल आहेत, म्हणून तिथे तो हुशार दिसतो.

याची परीक्षा घ्या. तोच नकाशा दोन रूपांत चालवा, फेरीसह आणि फेरीशिवाय, आणि सेकंदांबरोबर कायम झालेल्या शिरोबिंदूंची (ज्यांचं अंतर पक्कं ठरलं त्या चौकांची) संख्या नोंदवा. दाभोळ-धोपावे, दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ अशा चार फेऱ्या हाताशी आहेत. खाडी आडवी येणाऱ्या जोड्या आणि न येणाऱ्या जोड्या वेगळ्या काढा. सगळ्यांची एक सरासरी घेतलीत तर नेमकं जे सांगायचं तेच बुडेल. वेळ असेल तर २००५ मध्ये गोल्डबर्ग आणि हॅरलसन यांनी मांडलेली लँडमार्कची पद्धत जोडून पाहा. तिच्यात अंदाज हवाई अंतरावरून येत नाही, काही ठरावीक ठिकाणांपासूनच्या खऱ्या रस्त्याच्या अंतरांवरून येतो, त्यामुळे तिला वळसा कळतो.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असेल तर उतरवून घेतल्याची तारीख लेखात द्या आणि फाईल जपून ठेवा. सागरी महामार्गावर एखादा पूल झाला की पुढच्या वर्षीचा नकाशा वेगळंच उत्तर देईल. किनाऱ्यालगतची बेटं आणि तुटलेले रस्ते मुख्य जाळ्याला जोडलेले आहेत ना, तेही आधी तपासा. आणि इतरांना तुलना करता यावी म्हणून सगळे वापरतात असा एखादा संच बरोबर ठेवा. २००५-०६ च्या नवव्या डायमॅक्स चॅलेंजमधलं (अल्गोरिदमच्या प्रयोगांच्या उपक्रमातलं) अमेरिकेचं रस्त्यांचं जाळं यासाठी प्रमाण मानलं जातं.

प्रश्न (लोणेरे) : दहा फाईलींपैकी आठांवर आमची पद्धत जिंकली. "आमची पद्धत श्रेष्ठ" असं लिहिता येईल का? सरासरी गुणोत्तरही काढलं आहे.

उत्तर : दोन्ही पद्धती सारख्याच असत्या आणि दर फाईलला नाणं उडवलं असतं, तरी दहात आठ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता १,०२४ पैकी ५६, म्हणजे साडेपाच टक्के आहे. दहात नऊ असते तर १,०२४ पैकी ११. तेव्हा आठवर छाती फुगवू नका. फाईली वाढवा, आणि हरलेल्या दोन फाईलींत काय वेगळं आहे ते आधी बघा. बहुतेक वेळा लेखाचा मुद्दा त्या दोनांत दडलेला असतो.

गुणोत्तरांच्या सरासरीबद्दल: पहिल्या फाईलला 'अ' ला २ सेकंद, 'ब' ला ४. दुसऱ्या फाईलला उलट. 'अ' भागिले 'ब' ची गुणोत्तरं अर्धा आणि दोन, सरासरी १.२५, म्हणजे 'अ' २५ टक्के मंद. आता 'ब' भागिले 'अ' काढा. तेही १.२५, म्हणजे 'ब' २५ टक्के मंद! गुणोत्तरांना भूमितीय सरासरी लावा. ती इथे दोन्हीकडून १ येते.

प्रश्न (खेड) : फिबोनाची हीप (सर्वांत जवळचा चौक पटकन काढून देणारी रचना) वापरून डायक्स्ट्रा सुधारायला गेलो आणि तो साध्या बायनरी हीपपेक्षा हळू निघाला. विषय बदलू का?

उत्तर : अजिबात नको. कागदावर फिबोनाची हीप सरस आहे, पण तिचा फायदा चौकाचं नोंदवलेलं अंतर कमी करण्याच्या क्रियेवर अवलंबून असतो. रस्त्यांच्या जाळ्यात एका चौकातून दोन ते चार रस्तेच फुटतात, त्यामुळे ती क्रिया मुळात कमी वेळा होते. उलट पॉइंटरच्या मागे मेमरीभर उड्या मारण्याची किंमत मात्र दर वेळी मोजावी लागते. बायनरी हीप एका सलग अॅरेत नांदते. ही क्रिया किती वेळा झाली ते मोजा, मग कडा वाढवत नेऊन दाट आलेख (म्हणजे जाळं) घ्या आणि तिथे चित्र पालटतं का ते पाहा. "हरली" एवढंच लिहिलंत तर गुण जातील. का हरली हे आकड्यांनी दाखवलंत तर तोच लेख.

प्रश्न (रत्नागिरी, प्राध्यापिका) : हा विषय पहिल्यांदाच शिकवायचा आहे. चोवीस मुलं, पंधरा आठवडे, प्रयोगशाळेत तीन पिढ्यांची मशीन. आखणी कशी करावी?

उत्तर : दोघादोघांच्या बारा जोड्या करा. प्रत्येक जोडीचं एक मशीन ठरवून त्याच्यावर चिठ्ठी लावा. त्या जोडीच्या सगळ्या धावा तिथेच. जुनं मशीन वाईट नसतं, बदलतं मशीन वाईट असतं.

पहिले दोन आठवडे एका छापील लेखातला एकच आलेख आपल्या मशीनवर पुन्हा काढायला द्या. यात जेवढं शिकून होतं तेवढं व्याख्यानांनी होत नाही, कारण तिथे न लिहिलेल्या गोष्टी मुलांना स्वतः अडतात: कंपायलर कुठला, सीड काय, आकडे कसे घेतले. तिसऱ्या आठवड्यात एका पानावर प्रश्न आणि अपेक्षा लिहून घ्या. "तुलना करणे" हा प्रश्न नव्हे हे तेव्हाच ठासून सांगा. सहाव्यापर्यंत कोड, सातव्यात छोटा चाचणी प्रयोग. पावसाळी सत्र असेल तर मधेच गणपती येतात आणि वर्ग रिकामा होतो, हे धरूनच चाला. चाचणी प्रयोग त्याआधी हातात घ्या, म्हणजे सुट्टीनंतर काय बदलायचं ते ठाऊक असतं. दहाव्यापर्यंत मुख्य प्रयोग. अकराव्यात फक्त आकृत्या, बाराव्यात कच्चा लेख, तेराव्यात जोड्यांनी एकमेकांचे लेख तपासायचे, मग सुधारणा, शेवटी बारा मिनिटांचं सादरीकरण.

चाचणी प्रयोगाच्या अहवालाला वीस टक्के तरी गुण ठेवा. नाहीतर बाराव्या आठवड्यापर्यंत कोडच चालू राहतं आणि लेख दोन रात्रींत उरकला जातो. विषय लहान द्या: हॅशिंग, शब्द शोधणं, आलेखाला (बिंदू आणि कडांच्या जाळ्याला) रंग देणं, पेट्या टेम्पोत भरण्यासारखं बिन पॅकिंग. न्यूरल नेटवर्कच हवं म्हणून हट्ट धरणाऱ्या जोडीला या वर्षापुरतं नाही म्हणा.

प्रश्न (अलिबाग) : प्रयोग झाले, पण लिहायला बसलं की सुचत नाही. लेख इंग्रजीत द्यायचा आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : सुरुवात शेवटी लिहा. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलची सवय इतकी मुरलेली असते (उद्देश, थिअरी, प्रोग्रॅम, आउटपुट, आणि शेवटी "अशा रीतीने आपण क्विक सॉर्टचा अभ्यास केला") की लेखही त्याच साच्यात ओतला जातो. त्या शेवटच्या वाक्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, कारण त्यात काही सांगितलेलंच नसतं.

आधी आकृत्या मांडा. तीन-चार पुरेत. प्रत्येकीखाली एक वाक्य मराठीत लिहा: हिच्यातून काय कळतं? वाक्य लिहिता येत नसेल तर आकृती काढून टाका. ही वाक्यं ओळीने लावली की निकालांचा विभाग उभा राहतो, आणि मगच ती इंग्रजीत न्या. मराठीत जे धड सांगता येत नाही ते इंग्रजीत आपोआप स्पष्ट होत नाही, फक्त झाकलं जातं.

तुम्ही पाठवलेलं पहिलं वाक्य असं आहे: "आजच्या आधुनिक युगात संगणकाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे." हे कुठल्याही लेखाला चालेल, म्हणून तुमच्या लेखाला चालणार नाही. तुमचे प्रयोग हॅश टेबलवर (किल्लीवरून जागा ठरवून माहिती ठेवणाऱ्या रचनेवर) आहेत, तेव्हा असं करून पाहा: "टेबल भरत आलं की लिनियर प्रोबिंगमध्ये शोध लांबत जातो. किती टक्के भरल्यावर तो साखळी पद्धतीपेक्षा मंद होतो, हे आम्ही चार आकारांच्या टेबलांवर मोजले." दोन वाक्यांत प्रश्नही आला आणि काय मोजलं तेही आलं.

निकालांत "आकृती ३ मध्ये वेळेचा आलेख दाखवला आहे" असं लिहू नका. तो दिसतोच आहे. आकृतीतून निघालेली गोष्ट वाक्यात सांगा आणि आकृतीचा क्रमांक कंसात टाका. "खूप वेगवान" नको, किती पट ते लिहा. "लक्षणीय" हा शब्द संख्याशास्त्रीय चाचणी केली असेल तरच. तुमच्या तक्त्यात १२.३८४७३६२ सेकंद असे आकडे आहेत. धावाधावांत अर्ध्या सेकंदाचा फरक असताना दशांशानंतरची सात घरं कशाच्या जोरावर? १२.४ लिहा. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करा, आकार हजारापासून कोटीपर्यंत जात असेल तर दोन्ही अक्ष लॉग घ्या. तिथे घातांकी वाढ सरळ रेषेत येत नाही, घाताची वाढ येते, आणि रेषेचा चढ म्हणजेच घात. आलेख स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका, पीडीएफ म्हणून काढा, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर रेषा ओळखू येतात का तेही पाहा.

मशीनचा परिच्छेद कोरडाच असू द्या: प्रोसेसरचं मॉडेल, कॅशे, रॅम, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, कंपायलर आणि त्याचे पर्याय, सीड, धावांची संख्या. सारांश सगळ्यात शेवटी, दीडशे शब्दांत, आणि त्यात निदान एक आकडा हवाच.

प्रश्न (कणकवली) : साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने २३ टक्के दाखवले. लेख माझाच आहे. आता?

उत्तर : आधी संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन केलेली उद्धृतं वगळून पुन्हा तपासा, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ही वगळायचीच असतात, आणि सर्वसामान्य माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगही. त्यानंतर १० टक्क्यांपर्यंत राहिलं तर दंड नाही. १० ते ४० च्या पट्ट्यात प्रबंध असेल तर जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यावा लागतो. बहुतेक वेळा साम्य पूर्वसंशोधनाच्या विभागात सापडतं. मूळ लेख समोर उघडा ठेवून शब्द बदलत बसू नका. लेख वाचा, मिटा, काय म्हणणं होतं ते आठवून लिहा, मग पडताळा.

प्रश्न (वेंगुर्ले) : एका नियतकालिकाने दीड हजार रुपयांत तीन दिवसांत लेख छापून देतो म्हटलं आहे. पाठवू का?

उत्तर : नको. तीन दिवसांत लेख वाचूनही होत नाही, तपासून तर नाहीच.

प्रश्न (गुहागर, पालक) : मुलगी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवते, स्वतः झोपते आणि म्हणते प्रयोग चालू आहे. हे खरं असतं का?

उत्तर : खरं असतं. तीस धावा, आठ आकार, तीन पद्धती म्हटलं तरी ७२० धावा होतात. धाव अर्ध्या मिनिटाची धरली तर सहा तास. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू देऊ नका, खालची जाळी बंद होते आणि रात्रीचे सगळे आकडे वाया जातात. टेबलावर ठेवायला सांगा, आणि रात्री कुणी त्यावर सिनेमा लावू नये.